मेदोरोगावरील शस्त्रक्रिया, हृदयाचें आयुष्य व नष्ट होणारीं दप्तरें

१. विषयप्रवेश. अतिस्थूल मनुष्याच्या जठरावर वा आंतड्यावर शस्त्रक्रिया करून त्याचें वजन उतरविण्याच्या पद्धतीस आतां सत्तर वर्षें होऊन गेलीं. मुंबई व पुणें येथें ही शस्त्रक्रिया नित्याची झाली असून ठाण्याच्या खाडीपलीकडील नवी मुंबईच्या रुग्णालयांतूनहि ती होते. सनदा, महजर व पोथ्या यांचा शोध घेणाऱ्या त्रैमासिकांत असा विषय कां घ्यावा, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें समाधान प्रथमच करितों. शस्त्रक्रियेनें वजन उतरलें कीं नाहीं हें वर्षभरांत कांटा सांगतो. परंतु तिच्या योगानें हृदय वांचलें कीं नाहीं, हें दहा, पंधरा, वीस वर्षांच्या अखंड नोंदीवांचून कोणासहि सांगतां येत नाहीं. उलट, आपल्या देशांत वैद्यानें आंतररुग्णाचे कागद किती काळ जपावे, तर उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षें, असा भारतीय वैद्यक परिषदेचा इ. स. २००२ चा नियम आहे. या दोन मुदतींमधील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. म्हणजे प्रश्न वैद्यकाचा असला तरी तो अखेरीस साधनांचा आहे, आणि साधनांविषयीं बोलण्याचा अधिकार आमच्या वाचकांइतका दुसऱ्या कोणाचा असेल?

२. प्राचीन ग्रंथांची साक्ष. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसावा अध्याय निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांविषयीं आहे. त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार विस्तारानें केला आहे. अतिस्थूलाचे आठ दोष गणतांना ग्रंथकारानें पहिला दोष आयुष्याचा ऱ्हास हा सांगितला; हालचालीचा मंदपणा, दुर्बलता, घामाचा त्रास, अति भूक व अति तहान हीं त्यामागून येतात. कारणें देतांना गुरु व मधुर अन्नाचें अतिसेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा निद्रा, निश्चिंतता, आणि शेवटीं बीजस्वभाव म्हणजे मातापित्यांकडून आलेली प्रकृति, हीं सांगितलीं आहेत. याच स्थानाच्या सतराव्या अध्यायांत हृद्रोगाचे पांच प्रकार दिले असून, त्यांतील कफज हृद्रोगाचीं कारणें म्हणून पुन्हा अति भोजन, स्निग्ध व जड अन्न, निश्चिंतता, निश्चेष्टता व निद्रासुख हींच येतात. मेदोरोगापासून हृद्रोग होतो असें विधान तेथें नाहीं. पण दोहोंच्या कारणांच्या याद्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यास त्या जवळजवळ एकच आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

उपचार म्हणून पचण्यास जड परंतु पोषणास हलकें असें अन्न, यव, मध, त्रिफळा, गुळवेल, नागरमोथा, तसेंच जागरण, व्यायाम व चिंतन हे सांगितले आहेत. शस्त्राचा उल्लेख नाहीं. सुश्रुतानें उदररोगांत पोट फाडून आंतडें बाहेर घेण्याची व छिद्राच्या कडा मुंग्यांच्या दंशानें जोडण्याची क्रिया वर्णिली आहे. परंतु ती अवरोध व छिद्र यांकरितां, मेदाकरितां नव्हे. माधवनिदानांत मेदोरोगास स्वतंत्र अध्याय आहे. वाग्भटाचें अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं इ. स. १८८० मध्यें मुंबईस छापविलें, तेव्हांपासून हा सर्व विचार आपल्याकडील वैद्यांस मुद्रित स्वरूपांत सुलभ झाला. याच परंपरेंत रघुनाथ गणेश नवहस्त यांच्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथाची गणना केली पाहिजे. भांडारकर मंदिराचे क्युरेटर कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं त्याचा काळ इ. स. १६७५ ते १७०० असा ठरविला. धान्यें, भाज्या, दूध, तूप यांचे गुणदोष त्यांत दिले असल्यामुळें शिवकालीन आहाराचें तें उत्तम साधन आहे. तथापि या सर्व ग्रंथांस एक मर्यादा आहे. स्थूलाचें वर्णन सर्वत्र आहे, पण अमुक रोगी अमुक वजनाचा होता, त्यास अमुक उपचार केला व तो पुढें इतकीं वर्षें जगला, अशी नोंद कोठेंहि नाहीं.

३. देहाच्या वजनाची नोंद. मनुष्याचें वजन आपल्या साधनांत अगदींच मिळत नाहीं असें नव्हे. तें मिळतें तुलादानाच्या प्रसंगीं. शिवछत्रपतींच्या इ. स. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या वेळीं रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन यानें महाराजांची सुवर्णतुला सुमारे १६,००० होनांची झाली असें लिहून ठेविलें आहे. होनाचें वजन पावणेतीन ते साडेतीन ग्रॅम धरल्यास हा आंकडा सुमारे ४४ ते ५६ किलो येतो. होन कोणता व तुलेंत दुसरें काय होतें हें निश्चित केल्यावांचून यावरून अधिक अनुमान काढूं नये. आमचा मुद्दा निराळा आहे. वजन लिहिलें गेलें तें दानाचा हिशेब राहावा म्हणून; देहाचा हिशेब राहावा म्हणून नव्हे. एकदां केलेल्या तुलेवरून जसें दात्याचें आयुष्य कळत नाहीं, तसेंच शस्त्रक्रियेनंतरच्या एका वजनावरून रोग्याचें भवितव्य कळत नाहीं.

४. शस्त्रक्रियेचा पूर्ववृत्तान्त. या शस्त्रक्रियेचा आरंभ अमेरिकेंत इ. स. १९५४ च्या सुमारास क्रेमेन, लिनर व त्यांचे सहकारी यांनीं केला. लहान आंतड्याचा बहुतेक भाग वळसा घालून टाळावयाचा, म्हणजे खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं, अशी ती युक्ति होती. वजन झपाट्यानें उतरलें व पद्धतीचा पुष्कळ प्रसार झाला. परंतु वर्षें लोटलीं तसे यकृताचे बिघाड, मूतखडे व क्षारांची न्यूनता असे विकार बाहेर आले, आणि कित्येकांचीं आंतडीं पुन्हा पूर्ववत् जोडावीं लागलीं. कांट्याच्या साक्षीनें ही पद्धति यशस्वी होती. रोग्यांच्या पुढील वृत्तान्तानें ती टाकाऊ ठरली. या विषयाच्या इतिहासांतील पहिला धडा हाच.

इ. स. १९६६ मध्यें आयोवा येथील एडवर्ड मेसन यांनीं इटो यांच्यासह निराळा मार्ग काढला. जठरव्रणाकरितां जठराचा भाग काढलेले रोगी पुढें कृश राहतात, हें पाहून त्यांनीं जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आंतड्यास जोडला. आजच्या ‘गॅस्ट्रिक बायपास’ शस्त्रक्रियेचें मूळ तें. याच मेसन यांनीं पुढें अशा शस्त्रक्रियांची सामायिक नोंदवही स्थापन केली, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या शस्त्रकौशल्याइतकीच महत्त्वाची वाटते. इ. स. २००० नंतर जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश वा अधिक भाग कापून उरलेल्याची नळी करण्याची ‘स्लीव्ह’ पद्धति सर्वत्र पसरली.

आंतड्यावरील शस्त्रक्रियेचा थेट हृदयाकरितां उपयोग करून पाहण्याचा एक प्रयोग येथें नोंदविला पाहिजे. मिनेसोटाचे हेन्री बुखवाल्ड यांनीं वजनासाठीं नव्हे, तर रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठीं लहान आंतड्याचा शेवटचा भाग टाळण्याची शस्त्रक्रिया काढली. हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेल्या ८३८ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून कांहींस शस्त्रक्रिया व कांहींस नेहमींचा उपचार देण्यांत आला. हा प्रयोग इ. स. १९७५ मध्यें सुरू झाला व त्याचा निष्कर्ष इ. स. १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. हृदयविकारानें मृत्यु वा पुन्हा झटका येण्याचें प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत ३५ टक्क्यांनीं कमी आढळलें. उत्तर मिळण्यास पंधरा वर्षें लागलीं, हें लक्षांत ठेवावें.

५. स्वीडनची नोंदवही. वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया व हृदय यांच्या संबंधाचें मुख्य साधन म्हणजे स्वीडन देशांत लार्स शोस्ट्रॉम यांनीं इ. स. १९८७ मध्यें आरंभिलेली पाहणी. तींत शस्त्रक्रिया झालेले २,०१० व न झालेले, परंतु वय, वजन इत्यादि बाबतींत शक्य तितके सारखे, असे २,०३७ अतिस्थूल लोक घेतले होते. इ. स. २००७ मध्यें, सरासरी ११ वर्षांच्या निरीक्षणानंतर, शस्त्रक्रियेच्या गटांत १०१ व दुसऱ्या गटांत १२९ मृत्यु झाल्याचें प्रसिद्ध झालें. चार हजारांवर लोकांपैकीं केवळ तिघांचा ठावठिकाणा लागला नव्हता. इ. स. २०१२ मधील अहवालांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारानें शस्त्रक्रियेच्या गटांत २८ व दुसऱ्यांत ४९ मृत्यु नोंदले आहेत. पहिल्यानेंच आलेले हृदयविकाराचे झटके व पक्षाघात मिळून अनुक्रमें १९९ व २३४ होते. याच अहवालांत एक अनपेक्षित गोष्ट आहे. आरंभीचें वजन जितकें अधिक तितका हृदयास लाभ अधिक, असें आढळलें नाहीं. ज्यांच्या रक्तांत आरंभीं इन्सुलिन अधिक होतें त्यांस लाभ अधिक झाला. म्हणजे हृदयाचा संबंध कांट्यापेक्षां रक्ताच्या स्थितीशीं अधिक निकटचा दिसतो.

साधनाची परीक्षा केल्यावांचून तें स्वीकारूं नये, हा आमचा नेहमींचा नियम येथेंहि लागू आहे. या पाहणींत रोग्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. त्या काळीं अशा शस्त्रक्रियेंत मृत्यूचें भय बरेंच मानलें जात असल्यामुळें तशी अनुज्ञा मिळाली नाहीं. ज्यांनीं शस्त्रक्रिया मागितली ते मुळांतच निराळ्या स्वभावाचे असतील, असा आक्षेप त्यामुळें राहतो. शिवाय त्यांतील बहुतेकांच्या जठरास केवळ टांके घालून वा पट्टा बसवून तें आवळलें होतें. त्या पद्धति आज मागें पडल्या आहेत. तरीहि शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत दगावलेले ५ रोगी, पुढें परत वाढलेलें वजन व उलटलेला मधुमेह, हें सर्व त्यांत प्रामाणिकपणें लिहिलें आहे. मधुमेही रोग्यांपैकीं ७२ टक्क्यांचा मधुमेह शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीं मावळलेला होता. दहा वर्षांनीं हें प्रमाण ३६ टक्क्यांवर आलें. इ. स. २०२० मधील अहवालाप्रमाणें शस्त्रक्रिया झालेल्यांचें आयुष्य न झालेल्या स्थूलांपेक्षां सुमारे ३ वर्षांनीं अधिक, परंतु सामान्य जनतेपेक्षां सुमारे साडेपांच वर्षांनीं कमीच राहिलें. लाभ खरा आहे व तो अपुराहि आहे. दोन्ही गोष्टी एकाच नोंदवहीनें सांगितल्या.

आतां वर सांगितलेला आमच्याकडील ३ वर्षांचा नियम या आंकड्यांशेजारीं ठेवून पाहा. स्वीडननें तीन वर्षांनंतर कागद रद्दींत घातले असते तर ७२ टक्क्यांचें यश तेवढें इतिहासांत राहिलें असतें. ३६ टक्क्यांची गोष्ट कोणास कळलीहि नसती. जाहिरातींतील शस्त्रक्रियेपूर्वीचें व नंतरचें अशीं दोन छायाचित्रें आम्ही बखरीच्या योग्यतेचीं मानतों. त्यांत सत्य असेलहि. पण अस्सल कागदाचा आधार मिळेपर्यंत तें प्रमाण धरितां येत नाहीं.

६. महाराष्ट्रांतील स्थिति. पोटास लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साहाय्यानें शस्त्रक्रिया करण्याची कला आपल्याकडे रुजविणारे डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनीं इ. स. १९९० मध्यें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत या रीतीनें पित्ताशय काढला. भारतांतील ती पहिली अशी शस्त्रक्रिया होय. त्याच वाटेनें पुढें स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आल्या. इ. स. २०१७ मध्यें इजिप्त देशांतील एका अतिस्थूल स्त्रीस मुंबईच्या सैफी रुग्णालयांत आणून मार्च महिन्यांत तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हां हा विषय घरोघरीं पोंचला. तिचें उतरणारें वजन वर्तमानपत्रांत वेळोवेळीं छापून येत होतें. मे महिन्यांत तिला अबू धाबीस नेण्यांत आलें व सप्टेंबरांत तेथें तिचा अंत झाला. हृदयविकार व मूत्रपिंडाचा विकार हीं कारणें तेथील रुग्णालयानें सांगितलीं. अनेक वर्षें अंथरुणास खिळलेल्या एका रोग्याच्या वृत्तान्तावरून शस्त्रक्रियेच्या बाजूनें वा विरुद्ध सिद्धांत काढणें अन्यायाचें होईल. परंतु वजनाचा आंकडा व हृदयाची स्थिति या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या वृत्तान्तावरून सर्वांस दिसलें.

स्वीडनचा निष्कर्ष आपल्या लोकांस जसाच्या तसा लावतां येत नाहीं, याचें मोठें प्रमाण पुण्यांतूनच आलें आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचें छायाचित्र इ. स. २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकपत्रांत आलें. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागून जो अंक येतो तो दोघांचाहि २२.३ होता. परंतु इंग्रज वैद्याच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर आपल्या वैद्यांच्या शरीरांत २१.२ टक्के भरला. दिसण्यांत सडपातळ व आंतून मेदस्वी अशी ही आपल्याकडील प्रकृति आहे. तीमुळें मधुमेह व हृदयविकार कमी वजनावरहि गांठतात. म्हणूनच इ. स. २०२२ मध्यें आंतरराष्ट्रीय शस्त्रवैद्य संघटनांनीं शस्त्रक्रियेची सर्वसाधारण मर्यादा ३५ ठेवितांना आशियाई लोकांकरितां ती २७.५ पर्यंत उतरविली. स्वीडनमधील शस्त्रक्रिया झालेल्यांचा सरासरी अंक ४२ हून अधिक होता. २८ किंवा ३० अंकाच्या मराठी मनुष्याचें हृदय शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षांनीं कसें असेल, याचें उत्तर स्वीडनच्या कपाटांत नाहीं. तें येथेंच, येथल्या रोग्यांच्या कागदांतून लिहिलें जावयाचें आहे.

७. शिरवणें. हे कागद कोठें आहेत, हें पाहण्यासाठीं एका गांवाचा विचार करूं. शिरवणें हें जुईनगर व नेरुळ यांच्या आसपासचें जुनें गांवठाण. पूर्वेस पारसिकचे डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी. या पट्टींतील आगरी व कोळी लोकांचें जीवन भातशेती, मिठागरें व खाडींतील मासेमारी यांवर चालत असे, इ. स. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत आगऱ्यांचा मिठाशीं असलेला संबंध नमूद आहे. ठाणें-बेलापूर पट्टींत कारखाने आले, १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली व नव्या शहरासाठीं ९५ गांवांच्या जमिनी संपादनांत आल्या, इ. स. १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. चिखल तुडवून भात लावणारा व मीठ ओढणारा समाज एका पिढींत नोकरी, दुकान व घरभाडें यांवर आला. चरकानें सांगितलेली निश्चेष्टता अशा रीतीनें गांवांत शिरली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. भारतभर हेंच चाललें आहे. राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत इ. स. २०१५-१६ मध्यें अतिभाराच्या स्त्रिया २०.६ टक्के व पुरुष १८.९ टक्के होते, इ. स. २०१९-२१ मध्यें ते २४.० व २२.९ टक्के झाले.

या गांवांतून कागद जपण्याची वृत्ति नाहीं असें कोणीं म्हणूं नये. जमिनीचा सात-बारा, फेरफार, संपादनाची नोटीस, निवाडा, साडेबारा टक्के योजनेचें वाटपपत्र, हीं सर्व कागदपत्रें तीन तीन पिढ्या ट्रंकेंत सांभाळलीं जातात. त्यांची किंमत लोकांनीं मोठ्या मोलानें जाणली आहे. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या उरण तालुक्यांतील आंदोलनांत पांच शेतकरी प्राणांस मुकले, आणि साडेबारा टक्क्यांचा हक्क त्या लढ्यांतूनच आला. जमिनीचा कागद हरवला तर हक्क जातो, हें प्रत्येक घर ओळखून आहे. परंतु त्याच घरांतील केसपेपर, रक्ततपासणीचे कागद व हृदयाच्या आलेखाच्या पट्ट्या मात्र दिवाळीच्या साफसफाईंत रद्दींत जातात. आलेखाचा कागद तर उष्णतेनें छापण्याचा असल्यामुळें कांहीं वर्षांत आपोआप कोरा होतो. आणि शेवटचा कागद म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, इ. स. २०२० च्या शासकीय अहवालाप्रमाणें देशांत नोंदलेल्या मृत्यूंपैकीं केवळ २२.५ टक्क्यांस वैद्यानें प्रमाणित केलेलें कारण होतें. ज्या साखळीनें स्वीडननें उत्तर काढलें तिचीं दोन्ही टोकें येथें तुटलेलीं आहेत.

८. कर्तव्य. यांत केवळ भावी इतिहासकाराची सोय नाहीं. जठर कापलेल्या मनुष्यास बी-बारा जीवनसत्त्व, लोह व चुना यांच्या न्यूनतेवर आयुष्यभर लक्ष ठेवावें लागतें. वीस वर्षांनीं छातींत दुखूं लागून तो नव्या वैद्याकडे गेला असतां, पूर्वीं कोणती शस्त्रक्रिया झाली, जठर किती उरलें, तेव्हां रक्तदाब व साखर किती होती, हें सांगणारा कागद त्याच्या प्राणाच्या कामीं येतो. तोपर्यंत रुग्णालयानें आपली प्रत नियमाप्रमाणें नष्ट केलेली असण्याचा संभव आहे. वैद्यकीय नोंदी यंत्रांत सांठविण्याची सरकारी योजना इ. स. २०२१ पासून देशभर सुरू झाली आहे हें योग्यच. परंतु तिच्यापूर्वींच्या दोन तपांचे कागद तिच्यांत आपोआप येणार नाहींत.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्याच्या घरीं अशी शस्त्रक्रिया झाली असेल त्यानें शस्त्रक्रियेच्या वृत्तान्ताची पूर्ण प्रत मागून घ्यावी, पूर्वीचें वजन, रक्तदाब, साखर व हृदयाची तपासणी यांसह ती जमिनीच्या कागदांच्याच रुमालांत बांधावी, उष्णतेवर छापलेल्या पट्ट्यांची वेळींच छायाप्रत काढावी, आणि दरवर्षीं त्यांत एक पान वाढवावें. दुसरी, रुग्णालयांनीं जुने कागद रद्दींत घालण्यापूर्वीं रोग्याचें नांव-गांव काढून टाकून, व जेथें शक्य तेथें त्याची संमति घेऊन, शस्त्रक्रियेचा प्रकार, वर्ष, वय व तपासण्या यांचा गोषवारा वैद्यकविद्यालयांच्या स्वाधीन करावा. तिसरी आमच्या संग्राहकबंधूंस आहे. वैद्यांच्या जुन्या घराण्यांतून पोथ्या शोधतांना त्यांच्या रोजवह्या, रोग्यांच्या याद्या व औषधांचे हिशेबहि उचलावे. सुश्रुताच्या पोथीची एक नक्कल हरवली तर दुसरी सांपडते. वैद्याच्या रोजवहीची दुसरी नक्कल नसते.

शिरवण्याच्या घरांतून आज जीं डिस्चार्ज कार्डें ट्रंकेच्या तळाशीं पडलीं आहेत, तीं आणखी पंधरा वर्षें टिकलीं तर आपल्या लोकांच्या हृदयाविषयींच्या प्रश्नास आपल्याच साधनांनीं उत्तर देतां येईल. नाहींतर तें उत्तर आपणांस पुन्हा स्वीडनकडून उसनें घ्यावें लागेल, आणि तें आपल्या देहास लागू पडेलच अशी खात्री कोणीहि देऊं शकणार नाहीं.